समोरच्या काचेतला फोटो

"तुम्ही अजून आला नाहीत."

समोर खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला आमचे फोटोमास्तर हे ऐकवायचे. कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि अगदी शांतपणे सांगायचं, की तुम्ही अजून आला नाहीत. आमच्या पिशोर गावचा एक म्हातारा यावर भडकला. "मी आलो नाय? मग हितं कोन बसलंय, माझं भूत?"

"तुमचा फेटा बसलाय," मास्तर म्हणाले. "तुम्ही अजून कन्नडच्या मोटारीतच असाल."

म्हातारा आधी गोंधळला, मग त्याला हसू फुटलं, आणि तेवढ्यात मास्तरांनी भिंगावरचं झाकण काढून पुन्हा लावलंसुद्धा. "आता आलात. उठा."

तुम्ही जुन्या औरंगपुऱ्यात कधी फिरला असाल तर हा माणूस तुम्ही पाहिला असेल. पांढरा पायजमा, कोपरापर्यंत बाह्या, बोटांना कायम औषधांचे तपकिरी डाग. माझं लोखंडी सामानाचं दुकान बरोबर समोर. मधली गल्ली एवढी अरुंद, की दोन टांगे समोरासमोर आले की दोन्ही टांगेवाल्यांच्या पूर्वजांचा उद्धार व्हायचा. त्या गल्लीच्या आरपार मास्तरांचं आणि माझं भांडण एका पिढीएवढं चाललं. ते आता नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात. मी बोलतो आहे. पण माझी तक्रारही सांगणार, कारण ती अजून मिटलेली नाही.

मी पहिल्यांदा इथं आलो तेव्हा माझ्याकडं दुकान नव्हतं. खिळे, कड्या, कोयंडे असं एक पोतंभर सामान घेऊन मी मास्तरांच्या पायरीशेजारी बसलो. दुसऱ्या कुणीही हाकललं असतं. मास्तर म्हणाले, "बसा पिशोरकर. फक्त गिऱ्हाइकाच्या पायात खिळा जाऊ देऊ नका. फोटोत तोंड वाकडं येतं."

ते स्वतः लासूर स्टेशनचे. वडील तिथल्या धान्यबाजारात हमाल. पोरवयात मास्तर पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं घालायचे. पत्र्यातून कापलेली अक्षरं पोत्यावर ठेवायची आणि काजळीचा बोळा फिरवायचा. तिथून नाटकवाल्यांचे पडदे रंगवायला लागले, आणि पडद्यांवरून या स्टुडिओत आले. इथल्या जुन्या मालकाला फोटोमागं लावायला एक पडदा हवा होता. मास्तरांनी राजवाडा काढला. संगमरवरी जिना, कमानी आणि कठड्यावर एक मोर. मोर कोंबडीसारखा झाला होता, पण त्या काळी औरंगाबादेत ज्याचा म्हणून फोटो निघाला, तो त्या जिन्यावर उभा राहूनच निघाला. मालकानं त्यांना ठेवून घेतलं, कॅमेरा शिकवला आणि पुढं मूलबाळ नसल्यानं स्टुडिओ त्यांच्याच हवाली केला.

त्यांचा हात खरा बसला होता तो रिटचिंगवर. काचेची प्लेट उजेडासमोर धरून, सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन ते माणसाला दुरुस्त करायचे. देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालचं काळं घालवायचे, पडलेला दात बसवून द्यायचे. एका नवरदेवाला त्यांनी इतका देखणा केला, की मुलीकडची मंडळी लग्नाच्या दिवशी मांडवात विचारत होती, "फोटोतला नवरा कुठं हाय? हा धाकटा भाऊ का?" यावर मास्तर मनापासून खूश. म्हणायचे, "देवाला घाई असते, पिशोरकर. राहिलेलं काम आपण करायचं. कला म्हणजे तरी दुसरं काय?"

पुढं ते हे बोलायचे बंद झाले. का, ते सांगायचं तर टोपीवाल्या चाचांकडं यावं लागेल.

आज जे माझं दुकान आहे ते चाचांचं. ते रूमी टोप्या करायचे. लाल, ताठ, काळ्या गोंड्याच्या. निजामाच्या कचेरीत नोकरी म्हणजे डोक्यावर ही टोपी, आणि टोपी म्हणजे चाचांची. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं आणि ती टोपी एका आठवड्यात डोक्यांवरून उतरली. काल जी मिरवत होते ती लोक ट्रंकेच्या तळाशी लपवू लागले. चाचा तरीही रोज दुकान उघडून पितळी साचे पुसत बसायचे. वर्षभर असं चाललं. मग त्यांनी दुकान विकायचं ठरवलं.

मला ते हवं होतं. पायरीशेजारी उघड्यावर पाऊस पडला की माझे खिळे गंजायचे. पण चाचा आकडा बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हतो. आधी बोलेल तो हरला, हे मी गुरांच्या बाजारात शिकलो होतो.

मग एका सकाळी चाचा स्टुडिओच्या पायऱ्या चढून गेले. घरच्या सगळ्यांचा एक फोटो हवा होता. मास्तरांनी राजवाड्याचा पडदा सोडला तर चाचांनी हात हलवला. "नक्को मास्टर, ये महल नक्को. अपनाच ओटा होना." आपल्याच दुकानाच्या ओट्यावर बसून फोटो हवा, असं कुणी पहिल्यांदाच मागत होतं. चाचा गेल्यावर मास्तर पायरीवर येऊन मला सांगू लागले. त्यांना नवल वाटलं होतं आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं, एवढंच. "शुक्रवारच्या गाडीनं निघालेत म्हणे. तिकिटं काढली. जाण्याआधी ओट्याचा फोटो पाहिजे. काय माणूस आहे!"

मी त्यातलं शुक्रवार तेवढं ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी चारचौघांना साक्षीला घेऊन मी चाचांच्या ओट्यावर बसलो. मास्तरही होते. भल्या माणसाला चारचौघांत आकडा बोलायची लाज वाटत होती, म्हणून मीच म्हणालो, "चाचा, आमच्या गुरांच्या बाजारासारखं करू." तिथं दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. त्यांना ते बरं वाटलं. मी रुमाल टाकला. त्यांनी बोटं पुढं केली. त्यातलं एक मी दुमडलं. त्यांनी ते पुन्हा उघडायचा प्रयत्न केला, मी धरून ठेवलं. मग दुसरं दुमडलं. तोंडानं मी एक शब्द बोललो नाही, नुसता त्यांच्याकडं बघत राहिलो. शुक्रवार त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. शेवटी त्यांच्या हातातला जोरच गेला.

व्यवहार चोख झाला. ठरलेलं सगळं मी त्याच दिवशी चुकतं केलं, कागद झाला, साक्षीदारांना चहा पाजला. बाजारात आजही कुणी बोट दाखवणार नाही. साचे ते सोडून गेले. मी ते पितळेच्या भावानं मोडीत घातले, तेही माझेच होते म्हणून.

गुरुवारी मास्तरांनी ओट्यावर फोटो काढला. दुकान तोवर माझं झालं होतं, त्यांनी रीतसर मला विचारलं, मी म्हणालो, "काढा की." शुक्रवारी चाचा सहकुटुंब गेले. कोणी म्हणे हैदराबाद, कोणी म्हणे कराची.

थोड्याच दिवसांत मास्तरांच्या शोकेसमध्ये तो फोटो लागला. नवरा-नवरींचे, मुन्सफसाहेबांचे सगळे फोटो बाजूला सारून अगदी मधोमध. चाचा, त्यांची बायको बुरख्यात, मुलगा, सून, पुढं एक लहान नात. मागं दुकानाच्या दाराच्या फळ्या, आणि त्यातल्या एका फळीवर चाचांचा उजवा हात. पाचही बोटं उघडी.

मी समोर ओट्यावर बसायचो आणि तो हात माझ्याकडं बघायचा. रुमालाखाली तो मला दिसला नव्हता, नुसता लागला होता. तरी मी तो चेहऱ्याआधी ओळखला.

पहिले काही महिने मी काही बोललो नाही. मग एकदा सहज म्हणून म्हणालो, "मास्तर, तो जुना झाला आता. काढा."

"राहू द्या."

"मग विका मला. प्लेटसकट."

"विकायचा नाही."

"भाव तर सांगाल?"

"विकायचाच नाही तर भाव कशाचा, पिशोरकर?"

असल्या माणसाशी सौदा कसा करायचा सांगा. मी नाना प्रकार केले. त्याहून मोठा, रंगवलेला फोटो मधोमध लावायला दिला. त्यांनी तो बाजूला लावला. लासूरच्या एका ओळखीच्या अडत्याला गिऱ्हाईक करून पाठवलं. त्याला चहा मिळाला, फोटो नाही. ऊन खाऊन फोटो पिवळा पडला तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच प्लेटवरून नवा छापून लावला.

एका दिवाळीत माझं डोकं फिरलं. दुकानात पाहुणे बसले होते आणि त्यातला एक विचारत होता, "अहो, हा फोटोतला ओटा तुमचाच ना? ही माणसं कोण?" मी हातातलं कुलूप गल्लीपलीकडं भिरकावलं. शोकेसची काच खळ्ळकन फुटली. सगळी गल्ली थांबली. मास्तर बाहेर आले, काचा चुकवत वाकले, कुलूप उचललं आणि माझ्या ओट्याशी आले.

"शेट, कुलूप पोचलं. किल्ली राहिली तुमच्याकडं."

लोक पोट धरून हसले. नवी काच मलाच बसवून द्यावी लागली, आणि मी मूर्खासारखी बाजारातली सगळ्यात स्वच्छ काच आणून दिली. फोटो आधीपेक्षा ठळक दिसू लागला.

मला वाटायचं, हे सगळं माझ्यासाठी चाललंय. शब्द न बोलता मला रोज फटके देताहेत. तोंडावर बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं मी पाठच करून ठेवली होती. पण बोलायचं तर नाहीच, वर रोज सकाळी माझ्याकडून उसनी हातोडी न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची!

एवढं मात्र मी कबूल करतो, की त्या फोटोनंतर मास्तर बदलले. पेन्सिल बंद झाली. सुरकुती असेल तर सुरकुती येणार, व्रण असेल तर व्रण येणार. राजवाड्याच्या पडद्यानं गळकं छप्पर झाकलं; मोर पावसात धुऊन निघाला. कॅमेरा खांद्यावर टाकून ते लोकांच्या दारात जायला लागले. लोहाराचा भात्यापाशी, शिंप्याचा मशीनवर, विडीवाल्या बायांचा सुपं घेऊन. आणि एक हट्ट: आजचा फोटो आजच हातात पडला पाहिजे. ओला तर ओला. लोक दोरीवरून वाळत घातलेला चेहरा घेऊन घरी जायचे. निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या स्टुडिओत गेली, तिथं दात बसवून मिळायचे.

कॉलेजच्या मुलांनी एकदा त्यांना व्याख्यानाला नेलं. विषय होता 'कलेचं प्रयोजन'. मास्तर टेबलाला धरून उभे राहिले. "माझे वडील हमाल होते," ते म्हणाले. "मीही तेच करतो. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या घरी पोचवतो. वाटेत सांडू नये, उशीर होऊ नये, एवढीच कला. माल फार सुंदर करत बसलं की गाडी चुकते." आणि बसले. मग प्राध्यापकांनी उरलेला तास भरून काढला.

परत येताना टांग्यात मी म्हणालो, "मास्तर, तास दिला होता, दोन मिनिटांत गुंडाळलंत. लोकांना फुकट बोलावल्यासारखं झालं." ते बाहेर बघत राहिले. गाडी चुकण्याचं ते का बोलले, हे मी विचारलं नाही. त्यांच्या बोलण्यात मला नेहमी माझीच निंदा ऐकू यायची, दुसरं काही ऐकायला जागाच नसायची.

पुढं पुष्कळ वर्षांनी, एकदा मी माल बघायला लासूरला गेलो होतो. परत आलो तर समोरच्या काचेत मधोमध नुसतं हिरवं कापड. फोटो नव्हता.

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. मी चपला न घालता गल्ली ओलांडली. "मास्तर! तो फोटो कुठाय?"

"पोचला."

"कुठं पोचला? कुणी नेला?"

त्यांनी मला बाकावर बसवलं. मी नसताना एक बाई आली होती, हैदराबादहून, कुणाच्या तरी लग्नाला. गल्लीतून चालता चालता काचेपाशी थांबली आणि रडायला लागली. फोटोतली ती पुढची लहान नात. घरी तिच्या आजोबांचा एकही फोटो नव्हता. मास्तरांनी तिला फोटो दिला, प्लेटही कापडात गुंडाळून दिली.

"मग तुमच्या दुकानात गेली," मास्तर म्हणाले. "तुमच्या नोकराला विचारलं, जुन्या फळ्या आहेत का म्हणून."

फळ्या काढून मी लोखंडी शटर बसवलं होतं.

"काही म्हणाली?"

"शटरला हात लावून बघितला. म्हणाली, अच्छा. आणि गेली."

मला एकदम राग आला. राग तेवढा मला लगेच येतो. "इतकी वर्षं तो फोटो माझ्या छाताडावर ठेवलात, आणि काढला तेव्हा मला बोलावणं नाही?"

"तुमच्या छाताडावर?" मास्तर खरंच चकित झाले. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी लावलाय?"

"मग कुणासाठी?"

"मालकासाठी. चाचांना तो शुक्रवारी सकाळी द्यायचा होता. गुरुवारी रात्रीच धुऊन तयार झाला असता. पण शेरवानी कोपरावर विरलेली दिसत होती. चेहरा खंगलेला. म्हटलं, म्हातारा परमुलखात चाललाय, जरा नीट करून देऊ. पेन्सिल घेऊन बसलो. कोपर विणलं, गाल भरले. हात तेवढा राहिला. छापून ओला फोटो घेऊन स्टेशनवर पळालो, तर गाडी गेलेली." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पत्ता घेतला नव्हता. त्यांच्यातलं कुणी बघेल, ओळखेल, घेऊन जाईल, म्हणून काचेत लावला. पोतं चुकलं की बाजारात उघड्यावर ठेवतात, तसं."

इतकी वर्षं ज्याला मी माझ्यावरचा ठपका समजत होतो, तो एका न पोचलेल्या मालाचा होता. मग मला रोज टोचत कोण होतं?

"आणि शुक्रवारचं तुम्हाला मीच बोललो होतो," मास्तर हळूच म्हणाले. "दुसऱ्या दिवशी रुमाल हलताना बघितला तेव्हा कळलं. तेही माझ्याकडंच आहे."

म्हणजे तेवढंसुद्धा त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं होतं. माझी तक्रार ती हीच. माझं होतं ते मला द्यायला हवं होतं. मी भांडलो असतो, कुलपं फेकली असती, पण कधीतरी घेतलं असतं.

"बाईचा पत्ता घेतलात का या वेळी?" मी विचारलं.

"घेतला. डोक्यात आहे." ते माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही जाणार आहात?"

मी म्हणालो, "मला काय करायचंय तिथं?" आणि दुकानात परत आलो.

त्यानंतर दोन-तीन वर्षं आम्ही संध्याकाळी रोज बाकावर बसायचो. चहा यायचा. मला वाटायचं, आज ना उद्या मास्तर आपणहून सांगतील, अमुक मोहल्ला, तमुक गल्ली. त्यांना बहुधा वाटत असावं, हा आज ना उद्या विचारील. खिळ्यांचे भाव, रिक्षांची गर्दी, कुणाच्या पोरीचं लग्न, सगळं बोलून व्हायचं. मग ते दार ओढून घ्यायचे, मी शटर ओढायचो.

एका उन्हाळ्यात दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. तेराव्यानंतर मी त्यांच्या बायकोला विचारलं, "वहिनी, हैदराबादचा एक पत्ता होता त्यांच्याकडं. कुठं लिहिलेला सापडेल का?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते कुठं काही लिहून ठेवायचे? माणूस एकदा बघितला की झालं."

स्टुडिओच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे. हैदराबादला माल आणायला मी वर्षातून एक-दोनदा जातो, आता मुलगा नको म्हणतो तरी जातो. काम झालं की बाजारातून उगाच चालतो. त्या वयाच्या बाया दिसल्या की नीट बघतो. एखादीच्या चेहऱ्यावर ती लहान मुलगी ओळखू येईल असं वाटतं.

पण त्या मुलीचा चेहरा मला आठवत नाही. इतकी वर्षं फोटो समोर होता, आणि मी त्यातला हातच तेवढा बघत राहिलो.